ड्रॅगनच्या सोन्याला घट किती?

जळगावात दोन भाव रोज सकाळी माहीत असावे लागतात, केळीचा आणि सोन्याचा. केळीचा भाव रावेर-यावलच्या शेतकऱ्याला माहीत असला की भागतं. सोन्याचा मात्र सगळ्या गावाला लागतो. ज्याला घ्यायचं नाही, मोडायचं नाही, ज्याच्या घरात बायकोची पोत सोडली तर पिवळं म्हणून फक्त हळद आहे, तोही टपरीवर कटिंग हातात घेऊन "आज किती तुटलं?" असं विचारतो. तीनशेनं तुटलं म्हटलं की याच्याच खिशात तीनशे पडल्यासारखा खुलतो. वधारलं तर चहा अर्धा टाकतो. सराफ बाजार आहे सुभाष चौकापाशी, पण त्याच्या शाखा गावभर: सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, आणि नेरी नाक्याच्या स्मशानभूमीत सरण रचून होईपर्यंतच्या अर्ध्या तासातसुद्धा. गेलेल्या माणसाबद्दल दोन चांगले शब्द बोलून झाले की कुणीतरी म्हणतंच, "त्यांनी ऐंशी साली घेऊन ठेवलं होतं म्हणे. काय भाव होता हो तेव्हा?"

अशा गावात माझ्या पुतण्यानं एक असा खेळ आणला की ज्यात सोन्याचा भाव हलतच नाही.

आखाजीचे दिवस होते. आखाजी म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया. पण तिकडे ती एक मुहूर्त असते, इकडे सण असतो. लेकीबाळी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरली जाते, आणि वर्षभर पत्त्याला हात न लावणारी सभ्य माणसं ओट्यावर बसून बिनदिक्कत डाव मांडतात. त्यामुळे पुतण्यानं पुण्याहून मित्र आणले, सतरंजी टाकली आणि थैलीतून फासे काढले तेव्हा घरात कुणाला वावगं वाटलं नाही. फक्त फासा वीस बाजूंचा निघाला. धुळ्याची फुई, म्हणजे आत्या, तो हातात फिरवत म्हणाली, "आरे, हाई काय शे रे भो? शकुनीमामाले बी जमाव नही."

खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ मध्ये तो बाजारात आणला. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. सगळे मिळून गुहेत शिरतात, राक्षस मारतात आणि सोनं घेऊन बाहेर येतात. अडलं की फासा टाकायचा. वीस पडले की माणूस अशक्य तेही करून जातो, एक पडला की सपाट जमिनीवर ठेचकाळतो. म्हणजे तसं पाहिलं तर आपलंच आयुष्य, फक्त आपल्याला फासा दाखवत नाहीत.

या खेळाचं जाडजूड नियमपुस्तक असतं. ते आबांच्या हाती लागलं.

आबा म्हणजे माझे काका. त्यांची हयात सराफ बाजारातल्या एका पेढीवर, काट्यावर गेली. माणसाकडे पाहिलं की त्यांची नजर आधी कानाकडे, मग गळ्याकडे, मग मनगटाकडे जाते आणि सगळ्यात शेवटी चेहऱ्याकडे. लग्नात त्यांना नवरी कशी होती विचारलं तर "साडेसात तोळे" म्हणतात. पुस्तकातली राक्षसांची चित्रं त्यांनी पंचांगातल्या जाहिरातींसारखी उलटली आणि जिथे भावांचा तक्ता सुरू होतो तिथे चष्मा लावून थांबले.

"कोणत्या कॅरेटचं सोनं रे हे?"

"आबा, गोल्ड पीस. गोल्ड म्हणजे गोल्ड."

"शिक्का कुणाचा?"

"कुणाचाही असतो. कधी कधी हजार वर्षांपूर्वीच्या राजाचा."

"आणि दुकानदार न घासता घेतो?"

"घेतो ना."

आबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आग ओकणारा ड्रॅगन त्यांनी विनातक्रार मान्य केला होता. मेलेला माणूस मंत्रानं उठून बसतो, हेही. पण कसोटीचा दगड न काढता अनोळखी माणसाकडून सोनं घेणारा दुकानदार काही त्यांच्या गळी उतरेना.

तक्ता तसा सोपा आहे. तांब्याची दहा नाणी म्हणजे चांदीचं एक, चांदीची दहा म्हणजे सोन्याची एक मोहोर, दहा मोहरा म्हणजे प्लॅटिनमचं एक नाणं. मधेच इलेक्ट्रम नावाचं सोनं-चांदीच्या मिश्रणाचं एक नाणं आहे, अर्ध्या मोहरेचं. ते कुणालाच नको असतं, कारण हिशेब बिघडतो. आणि नाणं कुठल्याही धातूचं असो, वजन एकच: पन्नास नाण्यांचा एक पौंड, म्हणजे नाणं नऊ ग्रॅमच्या आसपास.

"सगळी एकाच वजनाची?" आबा म्हणाले. "मग चित्रात सगळी एकाच आकाराची कशी? सोनं चांदीच्या जवळपास दुपटीनं जड. नऊ ग्रॅमचं सोन्याचं नाणं चांदीच्या नाण्याच्या निम्मं दिसायला पाहिजे. सारखं दिसत असेल तर यातलं एक खोटं आहे."

पुतण्याच्या मित्रांपैकी एक इंजिनीअर होता. त्यानं मोबाईल काढून घनता पाहिली: सोनं १९.३, चांदी १०.५, तांबं नऊच्या जरा खाली. तो गप्प बसला. पन्नास वर्षं जगभरची पोरं हा खेळ खेळतायत आणि खोटं नाणं पकडलं ते जळगावच्या ओट्यावर, हे मला तरी अभिमानास्पद वाटलं.

मग आबांनी भाव लावायला घेतले. हिशेब सोपा जावा म्हणून २०२५ च्या एप्रिलमधला भाव धरला. त्या महिन्यात सोनं दहा ग्रॅमला लाखावर गेलं होतं आणि चांदीही किलोला लाखाच्याच घरात होती. मोहोर नऊ ग्रॅमची, म्हणजे नव्वद हजारांची. आता तक्ता वाचा. शेळी, एक मोहोर: नव्वद हजार. गाय, दहा मोहरा: नऊ लाख. तलवार पंधरा मोहरांची, साडेतेरा लाख. पण तलवारीचं सोडा, ती काही रोज घ्यायची वस्तू नाही. पन्नास फूट दोर, एक मोहोर. म्हणजे शेळी आणि शेळी बांधायचं दावं एकाच भावात. अर्ध्या किलोहून थोडं कमी आलं, तेही एक मोहोर. फुई म्हणाली, त्या गावात चहा कोण पीत असेल? आणि हे सगळं असून अडाणी मजुराची मजुरी दिवसाला चांदीची दोन नाणी, म्हणजे सोन्याच्या हिशेबानं अठरा हजार रुपये रोज. शेजारच्या ओट्यावर पत्ते कुटत बसलेले एक बागायतदार हे ऐकून उठून आले. "तिथले मजूर इकडे येतील का" हा त्यांचा प्रश्न नव्हता. "आपण तिकडे जायचं का" असं ते विचारत होते.

आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी वही उलटी करून तोच हिशेब चांदीत मांडला. आणि गंमत झाली. शेळी म्हणजे चांदीची दहा नाणी, नव्वद ग्रॅम चांदी, नऊ हजार रुपये. आठवडी बाजारात बऱ्यापैकी शेळी त्याच्याच आसपास पडते. गाय नव्वद हजार. चांगली दुभती गाय म्हटली तर हीच बोली होईल. कोंबडी तांब्याची दोन नाणी, चांदीत धरली तर १८० रुपये. आलं आणि दोर या दोन वस्तू सोडल्या तर चांदीच्या हिशेबानं त्या ड्रॅगनच्या मुलखातला बाजार थेट आपल्याकडचा निघाला.

"हा सोन्याचा खेळ नाही," आबा म्हणाले. "हा चांदीचा खेळ आहे. सोनं वरून मुलामा दिलाय."

मला हे निदान पटलं. सोनं म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात म्हणून गोष्टीत सोनं येतं; पण जगात रोजचा बाजार चांदीनं आणि तांब्यानंच चालवला. आपला रुपयाही चांदीचाच होता, १८० ग्रेनचा, बरोबर एक तोळा. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाला सोन्याचा होन पाडला खरा, पण बाजारहाटात फिरली ती तांब्याची शिवराई. कोथिंबिरीची जुडी होनानं घेतल्याचं कुठल्याच बखरीत नसावं.

मात्र एकास दहा हे सोन्या-चांदीचं प्रमाण ऐकून आबांचे डोळे बारीक झाले, तेव्हा मी ओळखलं की आता धंद्याची गोष्ट निघणार. आपल्याकडे हे प्रमाण २०२५ पर्यंतच्या काही वर्षांत बहुतेक सत्तर ते नव्वदच्या दरम्यान हिंदकळत होतं. २०२० च्या मार्चमध्ये, टाळ्या-थाळ्यांच्या दिवसांत, ते १२० च्याही वर गेलं होतं. आणि तिथे दहा!

"म्हणजे इथून किलोभर चांदी न्यायची," आबा बोटं मोडू लागले, "तिची एकशे दहा नाणी पाडायची, अकरा मोहरा घ्यायच्या आणि परत यायचं. लाखाचे दहा लाख. मधे त्या राक्षसांशी भांडायची गरजच काय?"

पोरं निरुत्तर झाली. चार-चार तास जिवावर उदार होऊन ती गुहेत शिरत होती आणि खरा खजिना गुहेबाहेर, तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलेला होता. ही कल्पनेतली गोष्टही नाही. १८५९ मध्ये जपाननं योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांना उघडलं तेव्हा तिथे एका वजन सोन्याला पाच वजन चांदी असा हिशेब होता आणि बाकी जगात पंधराच्या पुढे. व्यापाऱ्यांनी चांदीचे मेक्सिकन डॉलर भरून आणले, त्यांचे सोन्याचे कोबान करून घेतले आणि शांघायला नेऊन तिप्पट केले. शोगुनच्या कारभाऱ्यांनी दुसऱ्या वर्षी कोबानचं वजनच घटवलं, तेव्हा ही गळती थांबली. एवढी सामुराई मंडळी तलवारी परजून बसली होती, आणि देश लुटला तो वजनकाट्यानं.

आणि तांब्याचं तर विचारूच नका. फुईनं विचारलं, आणि तिथेच घोळ झाला.

फुईकडे सोनगीरच्या तांबटांनी घडवलेला तांब्याचा बंब होता, चांगला आठ किलोचा. सोनगीर धुळ्याहून शिरपूरकडे जाताना आग्रा रोडवर लागतं आणि तिथली तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली. या बंबावर आमच्या तीन पिढ्यांची न्हाणी झाली. गिझर आला, बंब अंगणात गेला, अंगणातून जिन्याखाली, आणि एक दिवस दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन फुईनं स्टीलचा डबा, दोन पराती आणि वर थोडे पैसे घेतले. या व्यवहारावर ती आजवर खूश होती. आता पोरांनी कागदावर हिशेब केला: आठ किलो तांबं म्हणजे ८८२ नाणी, शंभर नाण्यांना एक मोहोर, म्हणजे दहा ग्रॅमच्या तोळ्यानं जवळजवळ आठ तोळे सोनं.

"आठ तोळा!" फुई खाली बसली. "मन्हा बंब दी टाका ना रे भो!"

तिला पुष्कळ समजावलं, की ते जग खरं नाही, तो भाव खरा नाही. "बंब तं खरा व्हता ना," ती म्हणाली. याला उत्तर नव्हतं. त्या रात्री सांजोऱ्या तळताना ती दर घाण्याला एकदा आठ तोळे म्हणत होती.

आता गायगॅक्स साहेबांच्या बाजूनं थोडं बोललं पाहिजे, कारण ते बिचारे बोलायला हयात नाहीत आणि आबांसमोर त्यांची बाजू घ्यायला दुसरं कुणी धजेना. एकास दहा हे प्रमाण काही आभाळातून पडलेलं नाही. 'आईन-ए-अकबरी'त गोल मोहरेची किंमत नऊ रुपये दिली आहे आणि रुपयाला तांब्याचे चाळीस दाम. मोहोर रुपयापेक्षा किंचित हलकी असायची. म्हणजे अकबराच्या दिवसांत सोन्या-चांदीचं प्रमाण दहाला टेकलेलंच होतं. आणि ते दिवस खानदेशाला परके नाहीत. थाळनेर आणि बुऱ्हाणपूरहून राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांचा शेवटचा आधार असलेला असीरगड १६०१ च्या जानेवारीत अकबराच्या हाती पडला. किल्ला असा की गायगॅक्सला नकाशा काढायचीही गरज पडली नसती. महिनोन्‌महिने वेढा घालूनही तो हलेना, तेव्हा आतल्या किल्लेदारांना सोनं चारलं, असं त्या वेळच्या जेझुईट पाद्र्यांच्या वृत्तांतात आहे. विजयाची खूण म्हणून बादशहानं सोन्याची मोहोरच पाडली, एका बाजूला ससाणा असलेली. किल्ला घेतला सोन्यानं आणि आनंदही सोन्यावरच छापला. खानदेशाचं नाव मग शहजादा दानियालवरून दानदेश केलं, पण ते नाव काही चाललं नाही. मोहोर चालली.

तेव्हा प्रमाण चुकीचं नाही. ते हलत नाही, ही खरी तक्रार आहे.

चार पोरं गुहेतून पाच हजार मोहरा घेऊन गावात येतात. गाव पन्नास उंबऱ्यांचं. दुसऱ्या दिवशी शेळी तरीही एका मोहरेलाच! माळव्याची टोपलीसुद्धा महागत नाही. मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत थांबला, तिथे त्यानं हात सैल सोडून सोनं वाटलं आणि कैरोच्या बाजारात सोन्याचा भाव पुढे कित्येक वर्षं पडलेला राहिला. गायगॅक्सला याची कल्पना नव्हती असंही नाही. खेळातले भाव अव्वाच्या सव्वा का, यावर त्यानं नियमातच लिहून ठेवलं, की अलास्कात सोनं सापडलं तेव्हाच्या वस्त्यांमध्ये अंडं एक डॉलरला विकलं जायचं, तसं हे समजा. पण त्या अंड्याचा भाव खाली-वर व्हायचा. याच्या खेळात अंड्यानं एकदा भाव धरला तो धरला.

आमच्या भागानं हा तमाशा सोन्याशिवाय पाहिला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरला जाईना आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की चांदीचे रुपये पोत्यांनी आले. कापूसपट्ट्यात नांगराला चांदीचा फाळ आणि बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी अजून सांगतात. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि ज्यांनी चढ्या भावाच्या जोरावर कर्जं काढली होती ते सावकाराच्या ओट्यावर दिसू लागले. चांदी मात्र गेली नाही. ती बायकांच्या पायांत वाळे-तोडे होऊन बसली आणि नंतरच्या प्रत्येक दुष्काळात थोडी थोडी उतरली.

इथे मला त्या खेळाचं खरं वेगळेपण दिसतं. तिथे सोनं खर्च करतात. मिळालं की दारू, मिळालं की तलवार, मिळालं की नवं चिलखत. पूर्ण पोलादी चिलखत दीड हजार मोहरांचं, म्हणजे साडेतेरा किलो सोनं देऊन जवळजवळ तीस किलो लोखंड घरी आणायचं. आमच्याकडे हा वेडेपणा कुणी केला तर सासरे येऊन मुलगी परत नेतील. खानदेशात सोनं कमावतात, मढवतात, मोजतात, लपवतात, लेकीला देतात, सुनेला दाखवतात, गहाण ठेवतात आणि अगदी आभाळ कोसळलं तर मोडतात. खर्च करत नाहीत. 'सोनं मोडलं' हे वाक्य आमच्या घरात आवाज खाली करूनच बोललं जातं. त्या पुस्तकात दागिने आहेत, पण ते लुटीच्या यादीत, 'किंमत अमुक मोहरा' म्हणून. तो हार कुणी कुणाच्या गळ्यात घालत नाही. पन्नास वर्षांत एवढ्या राजकन्या सोडवल्या, एकीच्याही अंगावर कुणी पाटल्या चढवल्या नाहीत.

आबांना त्या अख्ख्या पुस्तकात एकच पात्र शहाणं वाटलं. ड्रॅगन.

"बघ," ते मला चित्र दाखवून म्हणाले, "सगळं एका ठिकाणी ठेवलंय. वर स्वतः बसलाय. कुणाला दाखवत नाही, उसनं देत नाही, मोडत नाही. तीनशे-तीनशे वर्षं भाव वाढायची वाट बघतो. याला मारतात कशाला?"

जुन्या आवृत्त्यांमधला एक नियमही त्यांना फार आवडला: गुहेतून जेवढ्या मोहरा बाहेर आणाल तेवढे अनुभवाचे गुण मिळतात, एका मोहरेला एक. म्हणजे माणूस किती शहाणा ते त्याच्या सोन्यावर ठरतं. "हा नियम त्यांनी कुणाकडून घेतला?" आबांनी विचारलं. आमच्याकडच्या लग्नाच्या बैठकांमध्ये तो फार आधीपासून लागू आहे.

लूट वाहून कशी आणतात, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता आणि तोही रास्त होता. दहा हजार मोहरा म्हणजे ९० किलो. पोरं म्हणाली, जादूची झोळी असते, तिच्यात पाचशे पौंड मावतात आणि वजन लागत नाही. यावर आबांनी नुसतं फुईच्या पिशवीकडे पाहिलं. खऱ्या लुटीला झोळी पुरत नाही. महाराजांनी १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि त्याच सालच्या अखेरीला खानदेशातून वऱ्हाडात उतरून कारंजा लुटलं, तेव्हा तिथला ऐवज हलवायला चार हजार बैल आणि गाढवं लागली असं इतिहासकार सांगतात. चार हजार जनावरांच्या वैरणपाण्याचं कोण बघत होतं, हे मला त्या मोहिमेतलं सगळ्यात मोठं शौर्य वाटतं. त्याचं पोवाड्यात काही येत नाही.

बनावट नाण्यांचं तर त्या जगात कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही. डोळ्यांदेखत हत्ती उभा करणारे जादूगार गल्लोगल्ली, पण एकालाही खोटी मोहोर चालवायची बुद्धी होत नाही. मुहम्मद तुघलकानं आपल्या देवगिरीला दौलताबाद करून राजधानी हलवली आणि पाठोपाठ, १३३० च्या आसपास, तांब्या-पितळेचं नाणं चांदीच्या टंक्याच्या भावानं चालवायचं फर्मान काढलं. त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो, की घराघरात टांकसाळी निघाल्या. सुलतानाला दोन-तीन वर्षांत नाणी परत घ्यावी लागली, तीही खजिन्यातलं खरं सोनं-चांदी मोजून. तेही जादूगार नसलेल्या प्रजेनं केलेलं.

आणि सरकार? त्या जगात राजे आहेत, पण सरकार नाही. आबांनी अर्थमंत्री मोरारजी देसाई पाहिले आहेत. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी झाली आणि सोनार रस्त्यावर आले. चौदा कॅरेटचा दागिना घालून बाई गावात फिरली असती तर लोकांनी सासरची चौकशी केली असती. मग १९६८ चा कायदा, तो १९९० मध्ये गेला. मग २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती. तीन टक्के जीएसटी, मजुरीवर पाच टक्के. एवढ्या राक्षसांशी लढून जो काट्यावर टिकला, त्याला हिरव्या कातडीच्या गॉब्लिनचं काय कौतुक?

शेवटी पोरांनीच विनवलं, की आबा, तुम्ही खेळात या, दुकानदार व्हा. आबांनी टोपी घातली आणि घसा साफ केला. गुहेतून नुकतीच आलेली सहाशे मोहरांची थैली, म्हणजे कागदाचा चिठोरा, त्यांनी पुढ्यात घेतला.

"बिल आहे?"

"ड्रॅगनला मारून आणलंय, आबा."

"म्हणजे बिल नाही. पॅन कार्ड?"

"कशाला?"

"दोन लाखांच्या वर लागतं."

जादूगार झालेल्या मुलीनं तिचं पात्र एल्फ असून वय ३१२ असल्याचं सांगितलं. आबा म्हणाले, जन्मतारखेच्या रकान्यात बसणार नाही, पुढचा. मग कस लावायची वेळ आली. दगड खेळात नव्हता म्हणून त्यांनी वीस बाजूंचा फासा उचलला, निरखला, आणि खेळाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासातला सगळ्यात कडक शेरा मारला: "यात बावीस येतच नाही." तरी टाकला. सतरा पडले.

"सतरा कॅरेट. सहाशेची ४२५ झाली. आटणीत दोन टक्के घट जाईल, ४१६ धरा. आमची घट पटत नसेल तर शिरपूरला रिफायनरी काढली होती त्या लोकांनी, तिकडे विचारा. पण जायचं-यायचं भाडं तुमचं."

"आबा, पुस्तकात दागिने आणि नाणी पूर्ण किमतीला घेतात!"

"मग पुस्तकवाल्याला विका."

पोरं कोपऱ्यात जाऊन कुजबुजली. दुसऱ्या दुकानात जाऊ म्हणाली. आबा म्हणाले, जरूर जा, पाणी पिऊन जा. ती दोन दुकानं फिरून, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत जाऊन, परत आली. मग योद्धा झालेल्या पुतण्यानं ठरवलं, की पैसे नकोत, तलवारीची मूठच सोन्यानं मढवून घ्यावी. हा विचार आबांना एकदम पसंत पडला. खेळ सुरू झाल्यापासून सोन्याचा दागिना व्हायची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी कागदावर मूठ काढली, तिच्यावर वेलबुट्टी काढली, आणि खाली लिहिलं: मजुरी चौदा टक्के.

"मी मजुरी कमी करायला मन वळवतो," पुतण्या म्हणाला. "फासा टाकतो. वीस पडले तर तुम्हाला माझं ऐकावंच लागेल, आबा. हा खेळाचा नियम आहे."

"टाक."

फासा सतरंजीवरून गडगडत फुईच्या पायाशी गेला. वीस! पोरांनी असा ओरडा केला की पलीकडच्या ओट्यावरचा पत्त्यांचा डाव थांबला. आबांनी वाकून आकडा नीट वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"मी तर चौदाच म्हटली होती," ते म्हणाले आणि चौदा खोडून वीस टक्के लिहू लागले. "पण तुमचाच आग्रह असेल तर नाही कशाला म्हणू?"